आठ तिकिटं

आज चिवड्यासाठी पेणचे पातळ पोहे भाजायला घेतले आणि त्या वासाने मला पॅरिसच्या मोंमार्त्रमधली एक संध्याकाळ आठवली. रोह्याहून आम्ही आठ जोडपी सहलीला गेलो होतो. लाल पवनचक्कीच्या त्या प्रसिद्ध नाचघरावर दिवे लागले होते आणि ओल्या फरसबंदीवर त्यांचा तांबडा उजेड पसरला होता. इंग्रजी बोलणारी मी एकटीच, म्हणून तासभर रांगेत उभी राहून खेळाची तिकिटं मीच मिळवली. मिळाली आठच. तुमच्या आजोबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि लग्नात पहिली पंगत बसवावी तशी आठही पुरुषांना वाटून टाकली. मी म्हटलं, "मला बघायचंय." ते हसले. "उघड्यानागड्या बायका नाचतात तिथं. तुझं काय काम?" शेजारीण माझा हात ओढत म्हणाली, "चल गो, बसमधी चिवडा हाय." "तूच खा," मी म्हटलं. पुरुष रुमालाने चष्मे पुसत आत गेले. बायकांची पंगत बसलीच नाही. सकाळी आम्ही पॅरिस सोडलं. तुमची आई म्हणते, "बाबा गेले आता, सोड तो राग." मुलांनो, मी तो सोडलेला नाही.