घंटी खिळ्यावर ठेवून बीड ते केज

माझी सायकल विकत घ्यायला एक गृहस्थ तयार होते. आमच्याच भागातले, शांत, अजिबात घाई न करणारे. "महिन्याभरात कळवा," एवढंच म्हणाले. तो महिना मला हवाच होता, माझ्या उजव्या गुडघ्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी एका चढावर ऐन वेळी गिअर पडला नाही. मी हट्टाने तशीच रेटत राहिले आणि गुडघ्याने त्याचा सूड घेतला. फिजिओथेरपिस्ट बाई भल्या होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. "सायकल चालवा, पण चढावर थांबलात तर जड गिअरमध्ये परत सुरुवात करायची नाही." आता साध्या सायकलचा गिअर पेडल फिरत असतानाच बदलतो. म्हणजे चढावर थांबलं की संपलं. पोटातले गिअर मात्र उभ्या उभ्या बदलतात. पोटातले म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्याच्या डब्यातच आठही गिअर बंद. माझ्या भाच्याने जर्मनीहून येताना असा एक हब आणला होता. तो बसवायचा, एक खरा घाट चढून बघायचा, आणि गुडघा नाही म्हणाला तर सायकल त्या गृहस्थांना देऊन टाकायची, असं मी ठरवलं. हे घरात कुणाला सांगितलं नाही, कारण सगळे "देऊन टाक" म्हणायला टपलेलेच होते.

हब बसवायचा म्हणजे मागचं चाक नव्याने विणायचं. पुण्यात दोन दुकानांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने मला ई-बाइकचं माहितीपत्रक दिलं. मग केजहून नंदाचा फोन आला. नंदा माझी कॉलेजची मैत्रीण, केजला शाळेत शिकवते, शाळकरी वय तिचं बीडमध्ये गेलं. "अगं, बीडला रशीदभाई हायत की. त्यांच्या हातचं चाक मोडलेलं मी न्हाई बघितलं. तिथं बसव आन् त्याच सायकलवर माझ्याकडं ये. जीपनं आलीस तर दार उघडणार न्हाई."

जानेवारीतल्या एका सकाळी सहाच्या ट्रॅव्हल्सने निघाले. सायकलची चाकं काढून, चादरीत गुंडाळून डिकीत. डिकीचे वेगळे पैसे मागतात, आधीच ठरवून घ्या. दुपारी बीडच्या बसस्टँडजवळ उतरले आणि रिक्षावाल्याला नुसतं "रशीदभाई, सायकल" म्हटलं. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही.

दुकान म्हणजे एक खोली, एक पत्रा आणि पत्र्याखाली साठीचे रशीदभाई. मी हब त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर तोलला.

"ताई, हे तर गाभण हाय," म्हणाले.

त्यांनी असा हब पाहिला नव्हता, आणि ते त्यांनी पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलं. मग आस फिरवून, कान लावून बराच वेळ ऐकत बसले. "अब्बांच्या टायमाला एक डॉक्टरसाब हुते. तीन गेरची विलायती सायकल. तिचं पोट असंच बोलायचं. त्याचे भाऊबंद दिसतायत हे."

मी मोठ्या ऐटीत इंटरनेटवरून मागवलेले स्पोक काढले. जुन्या चाकाचे मोजून, अगदी त्याच लांबीचे. रशीदभाईंनी एक स्पोक हबपासून रिमपर्यंत धरला आणि माझ्याकडे बघितलं. स्पोक रिमच्या बाहेर बोटभर डोकावत होता. हब जाड, म्हणजे तिथून रिमपर्यंतचं अंतर कमी, हे एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तीन महिने व्हिडिओ बघून मी हे कमावलं होतं. मला रडूच यायचं बाकी होतं, कारण योग्य मापाचे मागवायचे तर आठवडा जाणार आणि माझी रजा पाच दिवसांची.

"रडू नका," असं न म्हणता रशीदभाईंनी मागच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. "शाळंच्या पोरींच्या सायकलीचे हायत. चोवीस इंची." त्यातला एक लावला. तो चपखल बसला. "इणताना एका तारेनं तीन तारा वलांडायच्या जागी दोन वलांडू. चालंल."

"पण टिकतील का हो? सामान असतं माझ्या सायकलवर."

"ताई, एका सायकलीवर तीन तीन पोरी बसून जातात, खड्ड्यातनं. तुमी एकट्याच हाव."

छत्तीस स्पोक त्यांनी हातांनी विणले. त्या दुपारी निम्मे, दुसऱ्या सकाळी निम्मे. आसावरचा वायसर, म्हणजे दातेरी चकती, फ्रेमच्या खाचेत नीट बसला नाही तर आसच फिरेल, हे मी व्हिडिओत पाहिलेलं सांगितलं. ते त्यांना आधीच दिसलं होतं, तरी "बरं झालं सांगितलंत" म्हणाले. माझी फ्रेम जुनी असल्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता आली. तुम्ही असा हब बसवणार असाल तर फ्रेमची मागची खाच आडवी आहे का ते आधी बघा, नाहीतर चेन ताणायला वेगळी वस्तू लागेल. चाक दोन बोटांत धरून त्यांनी आऊट, म्हणजे चाकाची वाकडी चाल, काढला. प्रत्येक स्पोक नखाने वाजवून बघितला. शेवटी, हबबरोबरच्या कागदावर मी दाखवलं तसं, चौथा गिअर टाकून हबवरच्या दोन पिवळ्या रेघा एका ओळीत आणल्या. "डॉक्टरसाबची दुसऱ्यात जुळवायचे, हिची चौथ्यात. गेर घसरला तर आधी ह्या रेघा बगायच्या. इसरायचं न्हाई."

मी मान हलवली आणि विसरले.

मग त्यांनी माझ्या हँडलवरची पितळी घंटी खोलली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. तिथे आणखी पाच-सहा घंट्या होत्या.

"अहो, हे काय?"

"नवं चाक शंभरेक किलोमीटर पळालं की स्पोक आपापली जागा धरतात. मग एकदा आवळावं लागतं. लोक येतच न्हाईत. चाक चांगलं पळतंय म्हणतात, आन् मग एक दिवस मोडतं. म्हणून अब्बांपासनं हा दस्तूर हाय. चाक परत दाखवा, घंटी घ्या."

"पण घंटीशिवाय रस्त्यावर काय करू?"

"तोंड हाय की, ताई."

साडेदहाला बीड सोडलं. सोलापूर रस्ता रुंद आहे आणि कडेची पट्टी सायकलला पुरते, पण या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यांच्या मागे अंतर ठेवा, ऊस लोंबत असतो. पालीपर्यंत दहाएक किलोमीटर मी "ओ दादा, ओ मावशी, बाजूला" असं ओरडत गेले. पहिल्यांदा लाज वाटली, नंतर मजा यायला लागली. घंटी वाजवली की माणसं बाजूला होतात. हाक मारली की वळून हसतात आणि कुठून आलात विचारतात. पालीला बिंदुसरा धरणाच्या पाण्याकडे बघत चहा आणि गरम भजी खाल्ली, तीस रुपयांत पोट भरलं. आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट लागला.

पहिला चढ छान गेला. दुसरा, तिसरा गिअर, सगळं लोण्यासारखं. मग वळणावर मी पहिला गिअर टाकला, पायाला जोर दिला आणि पेडल एकदम रिकामं फिरलं. गुडघ्याला हिसका बसला. पाय टेकला, सायकल कठड्याला लावली आणि खाली बसले. गुडघ्यापेक्षा जास्त दुखत होतं ते हे, की बहुधा सगळं इथेच संपलं. त्या शांत गृहस्थांचा नंबर मोबाइलमध्ये होता. एक रिकामी जीप वर जाताना दिसली तेव्हा माझा हात अर्धा वर गेलाही होता.

"का बसलाव बाई हितं?" रस्त्याकडेला पाटी मांडून बोरं विकणाऱ्या एका बाईंनी विचारलं.

"सायकल बिघडली. गुडघाही."

"मंग ज्यानं सायकल केली त्याला इचारा की. मला बोरांचं कळतं."

मी रशीदभाईंना फोन लावला. गिअर घसरतोय म्हणताच पलीकडून शांत आवाज आला, "चौथ्यात टाका. रेघा बगा." बघितल्या. एक रेघ दुसरीपेक्षा केसभर मागे होती. "नवी तार हाय, ढिली पडणारच. हँडलजवळचा छोटा स्क्रू फिरवून ताणा. थोडाच." फिरवला. रेघा एका ओळीत आल्या. "आता पयल्यात टाका, उभ्या उभ्या." हलकेच खट् आवाज झाला. "मी तर घाबरलेच होते," मी म्हटलं. "म्या पण," रशीदभाई म्हणाले. "सकाळपासनं फोन हातातच हाय."

तेव्हा मला खरोखर रडू आलं. साठीचा एक माणूस बीडच्या दुकानात माझ्या चाकाची वाट बघत हातात फोन धरून बसला होता.

चढावरच सीटवर बसायचं, पहिला गिअर टाकलेलाच, आणि सुरुवात. बोरंवाल्या बाईंनी पाठीमागून हात लावला. "म्या ढकलते, तुमी पाय मारा." दहा पावलं ढकललं त्यांनी. पाय हलका फिरत होता. गुडघा काही बोलला नाही. वरच्या वळणापर्यंत मी चालण्याच्या वेगाने गेले असेन, पण उतरले एकदाही नाही. बाईंचं नाव विचारायचं राहिलं, त्याची रुखरुख आहे.

मांजरसुंब्याला पिठलं-भाकरी आणि ठेचा, मग नेकनूरवरून केज. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना ज्वारी. उन्हं उतरत असताना नंदाच्या दारात पोचले आणि सवयीने घंटी वाजवायला अंगठा पुढे केला. मग ओरडले, "नंदे!"

दुसरा दिवस त्यांच्या शेतात गेला. हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि गुडघ्याखाली उशी. घंटीची गोष्ट सांगितली तर नंदा खाता खाता थांबली. "अगं, माझी पण ठिवली हुती. रशीदभाईच्या अब्बांनी. दहावीत. परीक्षा झाली, सायकल इकली आन् म्या गेलेच न्हाई परत. लाल घंटी हुती. बग गं हाय का."

परतीला घाट उताराचा. ब्रेक थोडे थोडे मारत उतरा, ट्रकांना पुढे जाऊ द्या. बोरंवाल्या बाईंची जागा रिकामी होती. दुपारी रशीदभाईंच्या दुकानात सायकल उभी केली. त्यांनी माझ्याकडे नाही, आधी चाकाकडे बघितलं. एकेक स्पोक वाजवला. पाच ढिले निघाले, अर्धा-अर्धा फेरा आवळले. मग मान वर करून विचारलं, "गुडगा?"

"ठीक आहे," मी म्हटलं. आणि ते खरं होतं.

भिंतीवर माझ्या घंटीशेजारी एक लाल घंटी होती. रंग बराचसा उडालेला, पण धूळ नव्हती. नंदाचं नाव सांगितलं तर रशीदभाई हसले. "त्यांना म्हणावं, चाक दाखवा, घंटी न्या."

"चाक कुठलं आता, रशीदभाई! चाळीस वर्षं झाली."

"मंग नव्या सायकलीवर या म्हणावं. घंटी हाय हितंच."

माझी घंटी त्यांनी खिळ्यावरून काढली, फडक्याने पुसली, स्क्रू हातात घेतला. मी म्हटलं, "राहू द्या तिथेच."

"चाक पक्कं झालं, ताई. आता परत यायची गरज न्हाई."

"म्हणूनच म्हणते."

मग घंटी त्यांनी पुन्हा खिळ्याला टांगली आणि त्यांच्या बायकोने, भाभींनी, मागच्या घरातून पाठवलेला चहा माझ्यापुढे सरकवला.

पुण्यात आल्यापासून रोज दहा किलोमीटर जाते. चढावर थांबते, पहिला टाकते, परत निघते. "ओ दादा" म्हणून ओरडते तेव्हा इथली माणसं दचकतात, पण बाजूला होतात. मागच्या चाकात शाळकरी पोरींचे छत्तीस स्पोक आहेत आणि एकाचाही आवाज नाही. परवा त्या शांत गृहस्थांचा फोन आला. महिना संपला होता.

"मग काय ठरलं? देताय ना सायकल?"

"नाही हो," मी म्हटलं. "तिची घंटी बीडला आहे. आणायला जायचंय."