एका मुलीची बॅच

त्या दिवशी कळंबोलीच्या बाजूनं गरम वारा सुटला होता. वाऱ्याबरोबर लोखंड बाजारातली तांबूस धूळ येत होती, आणि पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानांच्या पाट्या सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. असल्या उन्हात माणूस सावली दिसेल तिथं आत शिरतो. आमच्या कॉम्प्युटर क्लासात जरा जास्तच शिरायचा, कारण तिथं एसी होता.

मी त्या क्लासात शिपाई होतो. लहानथोर सगळे मला काकाच म्हणायचे. ही नव्वदनंतरची गोष्ट. शाळेत मी कधी गेलो नाही. अक्षरं जोडायला मला क्लासातल्या मुलांनीच शिकवलं, म्हणून आता हे सावकाश लिहितोय. किश्श्यांचं असं आहे, घडताना त्यांना कोणी किस्सा म्हणत नाही. आमच्या दाराबाहेर चपला जमायच्या तसे ते जमतात. एक उचलायला वाकलं की शेजारचा पण हाताला लागतो.

*

एसीसाठी येणाऱ्यांत एक टोपीवाले गृहस्थ होते. आठ-दहा दिवस रोज भर दुपारी यायचे, चपला बाहेर काढायचे आणि पुतण्याला कुठला कोर्स चांगला म्हणून विचारायचे.

आमचे बर्वे सर कोबोल शिकवायचे. कोबोल म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक जुनी भाषा. मोठमोठ्या कचेऱ्यांचे कारभार तिच्यावर चालतात, असं सर सांगायचे. सर भला माणूस. त्या गृहस्थांना रोज पहिल्यापासून सगळं समजावायचे. गृहस्थ डोळे मिटून ऐकायचे. शेवटी सरांनी फॉर्म पुढे केला आणि पुतण्याचं वय विचारलं.

"ते अजून नक्की नाही," गृहस्थ म्हणाले. "भावाचं लग्न मार्गशीर्षात आहे."

सरांनी फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले, तेव्हा खुर्ची मात्र सरांनीच ओढून दिली.

*

आता त्या वाऱ्याच्या दिवसाचं सांगतो. कोबोलच्या बॅचला बारा मुलं होती. त्या दिवशी अकरा जणांनी एकदम बॅच बदलली. शेजारच्या खोलीत माउसवालं नवीन काहीतरी सुरू झालं होतं, आणि पुढं सगळ्या नोकऱ्या त्यातच निघणार असं मुलांनी कुठून तरी ऐकलं होतं. उरली एकटी सुरेखा घरत. ही जासईची. वय बावीस.

सरांनी फळा पुसला आणि नेहमीसारखं उभं राहून तासभर शिकवलं. आवाज तोच, बारा जणांचा. शेवटी सवयीनं विचारलं, "मागच्यांना कळलं का?"

सुरेखानं मान वळवून मागच्या रिकाम्या बाकांकडे नीट बघून घेतलं.

"कळलं, सर," ती म्हणाली.

*

मशीनवर बसायला रोज एक तास मिळायचा. म्हणून प्रोग्राम आधी चौकटीच्या कागदावर लिहून आणायचा. एका चौकटीत एकच अक्षर, आणि ओळ ठरलेल्या चौकटीतच सुरू झाली पाहिजे. सुरेखा हे काम जासई-पनवेल एस.टी.त करायची. कंटेनरच्या ट्रेलरांनी तो रस्ता पार खाऊन टाकला होता. अक्षरं शेजारच्या चौकटीत उडायची.

कंडक्टरनं एक दिवस विचारलं, हे काय लिहितेस. तिनं सांगितलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण पुढच्या खड्ड्यापाशी त्यानं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "दादा, हळू घे. पोरीचं काम चाललंय."

मग ते रोजचंच झालं. गाडीला दहा मिनिटं उशीर व्हायला लागला. मागच्या सीटवरच्या मासळीवाल्या बायका कुरकुरायच्या, पण एखादा दिवस सुरेखा नुसती खिडकीबाहेर बघत बसली, तर त्याच विचारायच्या, "काय गो, आज लिवत नाय?"

*

तिचे वडील भगवान घरत. जासईच्या एका कंटेनर यार्डात गेटवर होते. एक दिवस ते क्लासात आले. दाराशी चपला काढल्या, पाय पुसले आणि उभ्यानंच सरांना विचारलं, जसं कौलांबद्दल विचारावं तसं, "सर, ही भाषा आजून किती वर्सं टिकंल?"

सर म्हणाले, तीसेक वर्षं तर झालीच आहेत.

"म्हंजे म्हातारी झाली."

"म्हातारी आहे, पण ठणठणीत आहे."

"आमची आय पन ठणठणीत व्हती," भगवानराव म्हणाले. "सोमवारी तिनं उखळात भात सडला. मंगलवारी गेली."

मी चहा आणायला गेलो.

*

भगवानरावांचं विचारणं उगीच नव्हतं. त्याच आठवड्यात सुरेखापुढं दोन नोकऱ्या आल्या होत्या. एक त्यांच्याच यार्डात, गेटवरच्या कॉम्प्युटरवर कंटेनरचे नंबर टाकायची. घरापासून चालत दहा मिनिटं. तिथं कोबोलचं काही काम नव्हतं; जे शिकली ते सोडून द्यायचं. दुसरी बेलापूरच्या एका जुन्या कचेरीत, कोबोलचे जुने प्रोग्राम सांभाळायची. मन त्या कामात, पण भीती अशी की दोन-चार वर्षांत ती भाषाच गेली तर हिला पुढं कोण विचारणार. तोवर यार्डातली जागा दुसऱ्या कोणाला गेलेली असणार. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

माउसच्या बॅचमधला नीलेश तिला जिन्यात गाठून म्हणाला, "सुरेखा, बेलापूरला जाताना विळा घेऊन जा. मशीनवर वेल चढले असतील."

सुरेखानं विळ्याला धार कुठं लावतात ते त्यालाच विचारलं, आणि पुढं गेली.

*

बेलापूरच्या मुलाखतीचं तिनं मला नंतर सांगितलं. समोर तीन साहेब. तिघांचेही केस पांढरे, तिघांच्याही रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. ते सगळे प्रोग्राम त्या तिघांनीच तरुणपणी लिहिलेले, आणि त्यांच्याशिवाय कचेरीत दुसऱ्या कोणाला ते उलगडत नव्हते.

सुरेखा रात्रीचा दिवस करून अभ्यास करून गेली होती. कोबोलचं त्यांनी एवढंसंच विचारलं. मग वय विचारलं. तिनं बावीस सांगितलं, तर तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मधल्या साहेबांनी तब्येत विचारली. कडेच्यांनी विचारलं, घरात माणसं साधारण किती जगतात.

"आजी एक्याण्णवची होऊन गेली," सुरेखा म्हणाली.

त्यांनी ते फॉर्मवर लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

*

शनिवारपर्यंत तिचं सगळ्यांना विचारून झालं. सर म्हणाले, बेलापूरचं घे. वडील म्हणाले, घराजवळचं बघ. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस. शेवटी ती माझ्याकडे आली. मी आयुष्यभर वीटभट्टीवर आणि मग इथं. मला कोणी दोन कामं पुढं ठेवून निवड म्हटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मला यातलं कळत नाही, पण माझ्या शेजाऱ्याला कळत असेल. उद्या घरी ये.

माझा शेजारी सखाराम मिस्त्री. बैलगाडीची चाकं बनवायचा. त्या आळीत पूर्वी चाकांचे दहा कारखाने होते, आता तो एकटाच उरला होता. सुरेखा रविवारी आली तेव्हा तो धाव चढवत होता. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती विस्तवात लाल करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती चाकाला आवळून धरते. सुरेखा नाकाला ओढणी लावून धुरात उभी राहिली. तिची सगळी अडचण मीच त्याला सांगितली. कॉम्प्युटर त्यानं पाहिला नव्हता, तरी त्यानं मान डोलावली.

"काम येतं का अजून?" तिनं विचारलं.

"धा कारखाने व्हते तवा गिऱ्हाईक माज्याशी घासाघीस करायचं," मिस्त्री म्हणाला. "आता शर्यतीचे गाडीवाले अलिबागपास्नं येतात आन् पायरीवर बसून राहतात. मी जेवून उठंपर्यंत."

"आणि हे कामच संपलं तर?"

मिस्त्रीनं आणखी एक तांब्या पाणी ओतलं. वाफ निघून गेली तेव्हा चाक फिरवून बघितलं.

"मी हाय तवर तर संपत नाय," तो म्हणाला. "मी गेल्यावर संपलं, तर मला कोन सांगाया येनार?"

सुरेखा बराच वेळ त्या चाकाकडे बघत बसली. तिनं पट्टी कुठं जोडली ते विचारलं. लाकडाचे आरे किती, आणि तेवढेच का, ते विचारलं. मिस्त्रीनं तिच्या हातात पटाशी दिली, तर तिनं एका आऱ्याचं टोक तासून पण पाहिलं. मग हात धुतले आणि तीनची गाडी पकडायला गेली.

सोमवारी ती बेलापूरला जाऊन सही करून आली. त्या सकाळी गेटवरची ड्यूटी अर्धा तास दुसऱ्याला देऊन भगवानराव तिला एस.टी.पर्यंत सोडायला आले होते, असं कंडक्टरनं मला सांगितलं.

महिन्याभरानं ती क्लासात पेढे घेऊन आली. म्हणाली, कचेरीत सगळं ठीक आहे. एकदा नुसती शिंकले, तर तिन्ही साहेबांनी आपापल्या घरून काढा आणला.

त्यातले दोन पेढे मी मिस्त्रीसाठी घरी नेले. तो अंगणात आरे तासत बसला होता. मी म्हटलं, त्या पोरीनं जुनंच काम घेतलं. पेढा खाऊन त्यानं हात धोतराला पुसले. चाकाच्या कामाला कधी हात न लावलेला त्याचा मुलगा समोरच आपला नवा टेम्पो धूत होता. मिस्त्रीनं एकदा तिकडे बघितलं, आणि त्या रविवारी सुरेखानं तासलेला आरा बाजूला ठेवला होता, तो उचलून अंगठ्यानं चाचपला.

"काका," तो म्हणाला, "तिला रविवारी सुट्टी असती ना? इचारून बगा."