उकडलेलं चालतं

वाटूरच्या तातेरावांना आठवड्यातून तीनदा मटण लागायचं, आणि त्यांच्या बायकोनं, उषाबाईनं, ते रांधायचं घराबाहेर. आत देव, तिच्या गळ्यात माळ. म्हणून अंगणात तीन दगडांची चूल, वेगळी भांडी, आणि रांधून झालं की डोक्यावरून आंघोळ. पौषातसुद्धा गार पाण्यानं, कारण बंबातलं पाणी मालकांचं. चाळीस वर्षं तिनं हे निमूट केलं. लोक तिला गरीब गाय म्हणायचे आणि तातेरावही खुशाल तेच समजून होते.

त्यांचं बीपी दोनशेला टेकलं, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरनं आहार सांगणाऱ्या मॅडमकडे धाडलं. मॅडम पंचविशीतली. "ही पोरगी मला खायाला शिकवनार?" असं म्हणत तातेराव बाहेर चहाच्या गाड्यावर जाऊन बसले. आत गेली उषाबाई एकटी.

मॅडमनं तिला नीट समजावलं. ताजं मटण पंधरा दिवसांतून एकदा, दोन-चार फोडी, सोबत भाजी-भाकरी, मीठ बेताचं, एवढं चालेल. पण दुकानातल्या फ्रीजरमधली ती सॉसेज-सलामीची पाकिटं नकोत. मांस टिकावं म्हणून त्यात मीठ आणि रसायनं घालतात. धडधाकट माणसानं कधीमधी एखादं खाल्लं तर ठीक, रोजच्या ताटात त्याला जागा नाही. बीपीवाल्याला तर ते फार महागात पडतं.

"काय म्हनली?" बाहेर येताच तातेरावांनी विचारलं.

उषाबाईनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "ताजं बंद करा म्हनली. पाकिटातलं उकडलेलं चालतं."

तातेराव खूश. हाड नाही, तेल नाही, तर्री नाही, दात पडलेल्या तोंडाला मऊ. याहून पथ्याचं काय असणार? मुलगा कल्याण दर रविवारी जालन्याहून पाकिटं आणू लागला. अंगणात छोटी गॅसची शेगडी आली. पाणी उकळायचं, सॉसेज सोडायचे, चिमट्यानं काढायचे. मांसाला हात लागत नाही म्हणून उषाबाईनं आंघोळही आपल्यापुरती माफ करून टाकली. वरणात, भाजीत मात्र ती मिठाचा कण पडू द्यायची नाही.

"आई लई जपून राह्यली बाबांना," कल्याण शेजाऱ्यांना सांगायचा. उषाबाई मान खाली घालायची. तिला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा.

दुसऱ्या वर्षी तातेरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. यांना कळतं सगळं, फक्त बोलता यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी, कल्याण जालन्याला परतल्यावर, उषाबाईनं दार लोटलं आणि अळणी पेज घेऊन ती नवऱ्याच्या उशाशी बसली.

"मॅडम उलटं म्हनल्ती," ती शांतपणे म्हणाली. "ताजं थोडं चालतं, पाकिटातलं बिलकुल न्हाई. त्यात लई मीठ असतं. मला त्या दिवशीच ठाऊक होतं."

तातेरावांचे डोळे मोठे झाले. घशातून घरघर आली, शब्द आला नाही. तिनं पदरानं त्यांची हनुवटी पुसली.

"अजून धा-बारा वर्सं जगताल, असं डॉक्टर म्हनले. करायला मीच हाय."

आणि तिनं पुढचा चमचा त्यांच्या ओठांना लावला.