पिसावानी

घाटंजीच्या बाजारातल्या नव्या गादीवाल्याने मला फसवलं. एका शब्दाने फसवलं, आणि तो शब्द त्याचा नव्हताच.

शब्द होता आमच्या पिंजारीचाचाचा. पिंजलेल्या कापसाचा पुंजका तळहातावर घेऊन तो ओठांजवळ न्यायचा आणि हळूच म्हणायचा, "पिसावानी." तेवढ्याशा श्वासाने कापूस उडाला तर गादी भरायची. नाही उडाला तर "झाला नाई अजून" म्हणत पुन्हा पिंजायला बसायचं. फुंकर मारणं त्याच्या लेखी बेइमानी होती.

मी सायकलवर भांडी विकून दुकान उभं केलेला माणूस. भांड्यांसोबत दुकानात विकायच्या आंदणाच्या गाद्या त्याच्याकडूनच भरून घ्यायचो. घासाघीस केल्याशिवाय मी मीठही घेत नाही. चाचा भावात वाकायचा, शब्दात नाही.

एकदा मी डब्यातली भाकर पुढे केली. "घ्या चाचा, पिसावानी आहे."

तो तडकलाच. "भाकर नरम राह्यते, शेठ. पिसावानी असती तं तुमच्या हातात राह्यली असती काय?"

"बरं, कोंबडीचं पीस?"

"थे तं पीसच हाय. पीस पिसावानी कायले राहीन?"

एकदा कापूस दमट होता आणि गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं. चाचाने शब्द म्हटला. पुंजका जागचा हलला नाही. माझं डोकं फिरलं. त्याच्या हाताशी तोंड नेऊन मीच ओरडलो, "पिसावानी!" पुंजका पत्र्याला जाऊन चिकटला.

चाचाने शांतपणे वर पाहिलं. "शेठ, तुमच्या आवाजानं तं खाटही उडते." आणि सगळा कापूस त्याने उन्हात पसरला. गिऱ्हाईक शिव्या देत गेलं. दुसऱ्या दिवशी गादी न्यायला तेच आलं.

शेवटचं भेटायला गेलो तेव्हा त्याला धाप लागत होती. उशीतून कापूस ओढून त्याने ओठांशी नेला, शब्द म्हटला. पुंजका तसाच.

"झाला नाही का अजून, चाचा?"

"कापूस झाला, शेठ," तो हसला. "हवा सरली."

तो गेला आणि या नव्या माणसाने पाटी रंगवली: 'पिसावानी गाद्या.' माझ्या मुलीच्या लग्नाला मी तिथूनच गादी घेतली. भाव पाडला, पण शिवण उसवून पाहिली नाही. त्या शब्दावर कधी उसवायची वेळच आली नव्हती. महिन्याभरात गादीला गोळे आले. उसवली, तर आत कापडाच्या चिंध्या.

जाब विचारला तर म्हणतो, "शब्द काय कोनाच्या बापाचा हाय, शेठ?"

बाप काढलास ना? मग ऐक. येत्या बाजाराच्या दिवशी त्याच चिंध्या घेऊन तुझ्या पाटीखाली उभा राहतो. पाहणाऱ्यांनो, तुम्हीही या. आणि गादीवाल्या, तू चिंधी तळहातावर घे, ओठांजवळ ने, आणि सगळ्यांसमोर तो शब्द हळूच म्हण. चिंधी हलली नाही, तर पाटीवर तो कोणाला विचारून लिहिलास, ते तिथेच सांग.

आणि फुंकर मारायची नाही.