ग्रेड, स्टेज आणि माझी पाठ

विधात्याने हे जग तपासायला माझ्या साडूंकडे आणलं असतं, तर साडूंनी आधी त्याचे पातळ काप केले असते, ते जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवून काचेवर चढवले असते आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून शांतपणे सांगितलं असतं, "हं. सुरुवातीचं आहे, पण लक्ष ठेवायला हवं." साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या एका संस्थेत ते माणसांच्या शरीरातून काढलेले तुकडे तपासतात आणि आजार कोणता, किती मुरलेला, कुठवर पोचलेला ते ठरवतात. मी त्याच गावात सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणजे बिघाड शोधण्याचा पगार आम्हा दोघांनाही मिळतो. फरक एवढाच, की मी शोधलेले बरेचसे बिघाड मीच केलेले निघतात.

साडूंचं म्हणणं असं, की आजार अचानक होत नाही, अचानक कळतो. त्याआधी त्याचं सगळं बालपण, तारुण्य आपल्या नकळत होऊन गेलेलं असतं. आधी एखादी पेशी शिस्त सोडते. मग तिची पिलावळ वाढते, पण आपल्याच मजल्यावर राहते. मग कधीतरी खालचा पडदा फाडून ती पिलावळ जिन्यात उतरते आणि एकदा रस्ता सापडला की गावभर होते. "दोन प्रश्न विचारायचे, साडूभाऊ," ते मला चहाचा कप खाली ठेवायला लावून सांगतात. "ग्रेड काय आणि स्टेज काय. ग्रेड म्हणजे पोराचा स्वभाव किती बिघडलाय. स्टेज म्हणजे पोरगं घरापासून किती लांब गेलंय. बिघडलेलं पोरगं घरातच असेल तर निभावतं. गेनाऊ?" मी गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणतो, कारण त्याशिवाय कप पुन्हा उचलता येत नाही.

हे दोन प्रश्न ते संस्थेत ठेवून घरी आले असते तर काही बिघडलं नसतं. पण माझ्या सायकलीच्या गंजाचीही त्यांनी प्रतवारी केलेली आहे: "स्वभावाने गरीब, पण चेनपर्यंत पसरलाय." नवरा-बायकोच्या भांडणांचीही आहे. स्वयंपाकघरापुरतं मर्यादित, बैठकीच्या खोलीत शिरलेलं, शेजाऱ्यांना ऐकू गेलेलं. "आणि तुमच्या मातोश्रींच्या कानावर गेलेलं?" असं ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा फोडणी देता देता विचारलं. साडू जराही न बिचकता म्हणाले, "दूरस्थ प्रसार. त्याला इलाज नाही, फक्त वेदना कमी ठेवायच्या."

शिवाय चार डोळ्यांचा नियम. गंभीर निदान एकट्याच्या भरवशावर द्यायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरने ती काच बघायचीच, ही इथल्या कामाची रीत. साडूंनी ती घरीही आणली आहे. त्यांच्याकडे आमटीचं मीठ दोघांनी चाखल्याशिवाय पातेलं टेबलावर येत नाही. पुण्याहून आलेल्या लोणच्यावर एकदा पांढरा थर दिसला, तेव्हा दुसरे दोन डोळे म्हणून मला बोलावण्यात आलं. मी एक नजर टाकली आणि छातीठोकपणे म्हणालो, "बुरशी. टाकून द्या." साडूंनी मात्र थर सुईने उचलला, घरच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली धरला आणि निकाल दिला, "मीठ आहे. निरुपद्रवी." तोवर मी फोन करून आमच्या घरची त्याच खेपेतली बरणी बायकोला कचऱ्यात टाकायला लावली होती. त्या लोणच्याचा विषय आमच्या घरात अजून निघतो. स्टेज तुम्हीच ठरवा.

असा हा बोलका माणूस गेल्या उन्हाळ्यात एकदम गप्प झाला आणि त्याला कारण माझी पाठ. दोन्ही कुटुंबं फ्रायबाडमध्ये, म्हणजे गावच्या उघड्या तलावावर पोहायला गेली होती. तळलेल्या बटाट्यांच्या रांगेत मी पुढे, साडू मागे. ते समोरच्या जर्मन आजोबांच्या उन्हाने लाल झालेल्या टकलाची ग्रेड सांगत होते आणि मध्येच थांबले. मी वळून पाहिलं, तर ते माझ्या खांद्याच्या खाली बघत होते.

"हा डाग कधीपासून आहे?"

"तो होय? ही म्हणते, आहे खरा. मी रोज ब्रशने घासतोय, निघतच नाही."

एरवी या वाक्यावर त्यांनी मला तासभर सोलून काढलं असतं. ते फक्त म्हणाले, "हाउटआर्ट्स्टकडे जायचं. उद्या." आता इथे त्वचेच्या डॉक्टरची भेट उद्या मागणं म्हणजे पाहुण्याने दारातूनच पुरणपोळी मागण्यासारखं आहे, टर्मिन महिन्यांनी मिळतो. पण स्वतःच्या दाढदुखीतही रांगेत उभा राहिलेला हा माणूस सकाळी सातला दवाखान्याच्या दारात जाऊन बसला आणि माझी वेळ घेऊनच उठला. डॉक्टरीणबाईंनी डाग कापला, डबीत घातला आणि ती डबी तपासणीला साडूंच्याच संस्थेत धाडली.

मला हायसंच वाटलं. लॅबमध्ये घरचा माणूस! मी लगेच ताईंच्या हाती चिवड्याचा डबा पाठवला. चिवड्याने कुणाच्या पेशी सुधारत नाहीत, एवढं शास्त्र मलाही कळतं. पण आमच्या पेठेत कुठलंही काम चिवड्याशिवाय पुढे सरकलेलं मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी फोन केला. "भाऊजी, आली का हो माझी काच? बघितलीत?" ते म्हणाले, "आज वारा छान सुटलाय." दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, नदीकाठी बदकं पुष्कळ आलीत. ज्याला शेजाऱ्याच्या शिंकेचंही वर्गीकरण केल्याशिवाय चैन पडत नाही, तो माणूस मला बदकं सांगतोय! मी ओळखलं. माझं पोरगं जिना उतरून गावभर झालं होतं.

मग मी मरणाच्या तयारीला लागलो. तळघरातल्या हीटिंगचा कुठला खटका कधी दाबायचा ते बायकोला समजावलं. तिने सांगितलं की मी दाखवतोय तो खटका शेजाऱ्यांचा आहे. मुलीला जवळ बसवून आयुष्याबद्दल चार शब्द बोलायला घेतले. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. चौथा शब्द यायच्या आत ती म्हणाली, "पापा, मॉर्गन हाबं इश माथे." उद्या गणिताची परीक्षा, तेव्हा मरणाचं नंतर बघू, असा त्याचा भावार्थ. बायको बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ थांबली आणि डोळे धुऊन बाहेर आली, तेव्हा मात्र माझा विनोद संपला.

रविवारी मी सरळ साडूंचं घर गाठलं. ताईंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात. धड जेवत नाहीयेत हो. चिवड्यालाही हात लावला नाही." साडू बाल्कनीत होते.

"भाऊजी, जे असेल ते सांगा. ग्रेड, स्टेज, सगळं. मी तयार आहे."

"मला माहीत नाही."

"काच तुमच्याकडे आली नाही?"

"आली. नाव वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे सरकवली. म्हटलं, नात्यातलं आपण बघायचं नाही, असा नियम आहे."

"आहे?"

"नाही." ते रेलिंगकडे बघत म्हणाले. "पण असायला हवा. चार डोळ्यांचं मी जगाला शिकवतो, साडूभाऊ. माझे दोन उघडेचनात."

मी समजूत घालून घ्यायला गेलो होतो आणि घालून आलो. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "होईल हो सगळं ठीक." हे वाक्य कुठल्याच ग्रेडमध्ये बसत नाही, पण त्यांनी ते तपासलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून चिवडा संपवला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. कर्करोगच, पण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच बसलेला, पडदा शाबूत. कापला तेव्हाच पूर्ण निघालेला. स्टेज शून्य. मी दवाखान्यातूनच साडूंना फोन लावला. पलीकडे एक लांब श्वास, आणि मग जो धबधबा सुरू झाला! शून्य म्हणजे काय, शून्याला स्टेज का म्हणायचं, पूर्वी कसं मोजायचे, आता कसं मोजतात. माझी बस आली, सुटली, पुढची आली, तीही सुटली. मी थांब्यावर उभा राहून प्रत्येक वाक्याला गेनाऊ म्हणत होतो आणि डोळे पुसत होतो.

तेव्हापासून जेवायला गेलं की हात धुवायच्या आधी शर्ट वर करायचा, असा त्यांच्याकडचा दंडक आहे. ते चष्मा कपाळावर चढवून माझी पाठ निरखतात. ताई म्हणतात, "अहो, पोळ्या गार होतायत." ते ऐकत नाहीत.

आता ते निवृत्त होताहेत. येत्या थंडीत दोघं कायमची पुण्याला निघाली. परवा सामान बांधायला मदत म्हणून गेलो आणि पहिल्याच खोक्याचा तळ फाडून ठेवला. साडू चिकटपट्टी लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाठीचा फोटो पाठवत जा दर महिन्याला."

"फोटोवरून कळतं?"

"छे. फोटोवरून काहीसुद्धा कळत नाही." त्यांनी पट्टी दातांनी तोडली. "तरी पाठवा."