हमिदाबाय म्हणते

मन्सूर फणसोपकर १९९८ साली कुवेतहून कायमचा परत आला, तेव्हा मोहल्ल्याला वाटलं होतं की आता फुगलेल्या बॅगा येतील, अत्तराचा घमघमाट सुटेल. आला तो कमरेला पट्टा बांधून, एका हाताने भिंत धरत. तिकडच्या ऑफिसात वर्षानुवर्षं टायपिंग करून पाठीचं पार वाटोळं झालं होतं. बायको आधीच अल्लाला प्यारी झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. जवळच्या मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची नोकरी मिळाली. लोकांच्या लेखी तिथे त्याची गोष्ट संपली होती.

मन्सूरला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की परदेशात माणूस पैशाला नाही, खबरीला आसुसलेला असतो. कोणाच्या होडीला पापलेट लागलं, कोणाची म्हैस व्याली, मशिदीचा नळ दुरुस्त झाला की नाही, हे तिकडच्या पोराला कोण सांगणार? घरचे फोनवर 'सगळं बरं आहे' एवढंच बोलतात आणि ठेवतात. म्हणून २००० सालच्या पावसाळ्यात मन्सूरने एसटी स्टँडजवळच्या ओमकारच्या सायबर कॅफेत बसून मोहल्ल्याच्या बातम्यांचं एक पान इंटरनेटवर चढवलं. मराठी अक्षरं तिकडच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसत, म्हणून त्याने मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिली.

वाचणारं कुत्रं नव्हतं. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दिसे. तो वाढला की ओमकार हसून म्हणे, "चाचा, ता तुम्हीच उघडून बघितलात." मोहल्ल्यात पोरं त्याला 'मन्सूर अखबार' म्हणून चिडवत. पण हा गडी हटणारा नव्हता. वीज जाई, फ्लॉपी दगा देई, फोनची लाईन तुटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दर गुरुवारी कारखाना सुटला की स्वारी कॅफेत हजर, कारण आखातात शुक्रवारी सुट्टी. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून घरी बसला असता.

सगळं फिरलं ते हमिदामुळे. हमिदा त्याची शेजारीण, नात्याने भाभी. विधवा बाई, तोंडाने फटकळ आणि कानाने ठार बहिरी. तिचा एकुलता मुलगा फैझान सौदीतल्या एका बांधकामावर होता. त्याचा फोन आला की बोलायची ती त्याची बहीण इरम. आई बाजूला उभी राहून नुसती तिच्या ओठांकडे बघे. एके दिवशी ती मन्सूरच्या ओट्यावर येऊन बसली.

"माझा पन लिव रे तुझ्या त्या पेपरात," ती म्हणाली. "लिव. फैझान, केस कापलंस काय नाय? फोटोत निसता अस्वल दिसतंस. आनि तुझ्यासंगती राजापूरचा पोरगा हाय ना, त्याला सांग, आवशीला खुशाली कळव, लाज नाय वाटत? आनि लवकर ये रे बाबा. तुला एकदा बगायचा हाय."

मन्सूरने जसंच्या तसं टाकलं आणि वर लिहिलं, 'हमिदाबाय म्हणते'. पुढच्या आठवड्यात दम्मामहून ईमेल आली, मग दोह्याहून, मग एका जहाजावरून. सगळ्यांचं एकच म्हणणं, आम्हालाही शिव्या घाला. हमिदाने कोणाला निराश केलं नाही. फैझानच्या कामगार-कॅम्पातला स्टोअरकीपर ते पान कागदावर छापून मेसच्या भिंतीला चिकटवी आणि फैझान आईच्या ठसक्यात मोठ्याने वाचून दाखवी. बघता बघता पानाचं नाव आखातभर झालं. मुंबईच्या एका उर्दू वर्तमानपत्रात मन्सूरचा फोटोही छापून आला. चिडवणारी पोरं आता सलाम करून 'आमचं पण नाव टाका' म्हणत मागे लागली. प्रत्येक मजकुराचा शेवट तोच असे. लवकर ये रे बाबा.

२००४ च्या जानेवारीत हमिदा वारली. सकाळी भाकरी थापताना छातीत कळ आली आणि दुपारच्या जोहरच्या नमाजेपर्यंत खेळ आटोपला. संध्याकाळी दफन झालं.

फैझानला कळवायचं नाही, असं त्याच्या चुलत्यांनी ठरवलं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे ही पद्धतच पडून गेली आहे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, सुट्टी करार संपल्यावर, माती द्यायला तर काही केल्या पोचता येत नाही. मग नुसतं दुःख धाडून काय करायचं? त्यातून आदल्या वर्षी एक पोरगा बापाची खबर ऐकून तसाच कामावर चढला होता आणि परांचीवरून खाली आला होता. फैझानचा करार मे महिन्यात संपणार होता. घराघरातून फोन गेले, कॅम्पातल्या सगळ्यांना ताकीद मिळाली. राहिला प्रश्न मन्सूरच्या पानाचा.

"ता बंद पडला तर पोराला लगेच वास येल," चुलते म्हणाले. "चार महिन्यांचा तर सवाल हाय, मन्सूर. तुला तिचा बोलना तोंडपाठ हाय."

मन्सूरने हात जोडले, कमरेचं कारण सांगितलं, आवाज चढवला. कोणी ऐकलं नाही. इरम दाराआड रडत होती, तिच्याकडे बघून तो कबूल झाला. पुढच्या गुरुवारी त्याने मेलेल्या बाईच्या तोंडून फैझानला झापलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते झकास उतरलं. आखातातल्या शेकडो माणसांना ठाऊक होतं की हमिदाबाय कबरीत आहे. तरी शुक्रवारी फैझान मेसमध्ये उभा राहून वाची आणि सगळे हसत. त्याला संशय येऊ नये म्हणून जरा जास्तच हसत. मन्सूरला हे ईमेलमधून कळे. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव आटवला ते यश आता पदरात पडलं होतं आणि त्याला त्याची शिसारी आली होती.

एकच वाक्य त्याच्या हातून टाईप होईना. 'लवकर ये रे बाबा' म्हटलं की डोळ्यांसमोर कब्रस्तानातली ओली माती यायची. कोणाला बघायला ये म्हणून सांगू? बोटं थांबत. मग तो त्याऐवजी लिही, मी बरी आहे, माझी काळजी करू नको. खोट्यातल्या खोट्यात त्याला ते कमी खोटं वाटे.

एप्रिलच्या शेवटी फैझानची ईमेल आली. ओमकारच्या कॅफेत इरम मन्सूरच्या शेजारी बसली होती. 'चाचा, अम्माने हल्ली ये म्हणायचं सोडलं. माझा जीव केवढा हलका झाला म्हणून सांगू. दर शुक्रवारी ते वाचताना पोटात तुटायचं. आता ती राजी आहे, तर मी आणखी दोन वर्षांची सही करून टाकली. घराला स्लॅब घालूनच येतो. तिला वाचून दाखवा, म्हणजे ओठ हलवून.'

मन्सूरने ती पुन्हा वाचली. कुठे चुकलं ते त्याला लख्ख दिसलं. आईच्या तोंडचा एक शब्द आपण मायेपोटी गाळला आणि पोरगं दोन वर्षांनी लांब गेलं.

चुलत्यांनी ते ऐकून दाढी कुरवाळली. "मग आता दोन वर्षांनी सांगू," ते म्हणाले.

इरमने मात्र मन्सूरचा हात घट्ट धरला. "चाचा, सांगून टाका. माझ्यानं आता होत नाय. त्यो फोनवर इचारतो, अम्मा जेवली काय, आनि मी हो म्हनते."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून मन्सूर इरमला घेऊन एसटीडी बूथवर गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत घोकलं होतं. आधी सलाम, मग 'बस बाबा', मग खरं. सौदीत स्टोअरकीपरने फोन उचलला आणि फैझानला हाक मारली. मागे ताटांचा आवाज, हसणं, कोणीतरी दणकून गाणं म्हणत होतं.

"चाचा!" फैझान ओरडला. "तुम्ही फोन केलात? अम्माला वाचून दाखवलंत? काय म्हणाली?"

"फैझान," मन्सूर म्हणाला, "तू जरा बस बाबा."

"बसतो कसला! सगळे इथंच हायत. अरे, गप रे, मोहल्ल्यातून फोन हाय, मन्सूरचाचा! चाचा, अम्मा तिथं जवळ हाय काय?"

मेसमधली ताटं एकदम वाजायची थांबली. गाणं थांबलं. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मन्सूरने तोंड उघडलं. तेवढ्यात तिकडून कोणीतरी घाईघाईने ओरडलं, "हमिदाबायला आमचा सलाम सांगा!" मग दुसरा ओरडला, मग तिसरा, मग सगळी मेस एका सुरात ओरडू लागली आणि त्या गलक्यात फैझान खळखळून हसत होता.

इरम मन्सूरच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"हाय," मन्सूर म्हणाला. "सांगतो तिला."