शेवंताचं टोपडं

भुतंखेतं, करणी, नजर यांतलं काही मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे वडील चिपळूणला शाळामास्तर. अमावास्येला ते आम्हा भावंडांना मुद्दाम नखं कापायला बसवायचे, आणि शेजारच्या काकूंनी आरडाओरडा केला की त्यांना आणखी चेव यायचा. त्या घरात वाढलेली मी. त्यामुळे पुढचं लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... भीतीनं नाही, लाजेनं.

परवा भाचीकडे टीव्हीवरची मालिका बघत होते. आठवड्यापूर्वी गरीब गाय असलेली धाकटी सून अचानक दुधात विष कालवायला लागली होती. भाची म्हणाली, ती नटी भाजी घ्यायला गेली तरी आता बायका तिला शिव्या घालतात म्हणे. हे सगळं मी पिंपरीला भोगलेलं आहे, टीव्ही यायच्या कितीतरी आधी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. बाकी सगळी शेतं, बाभळी आणि मुंबईचा रस्ता. आमचे हे एका कंपनीत टाइम ऑफिसला कारकून होते. कंपनीची कॉलनी नुकतीच बांधलेली, कोकणातले, सोलापूरकडचे, मराठवाड्यातले असे आम्ही सगळे परके लोक एकमेकांना धरून राहायचो. जमीन अर्थातच गावातल्या शेतकऱ्यांची होती. त्यांची एक जुनी विहीर मैदानाच्या कडेला तशीच राहिली होती, फळ्या टाकून झाकलेली.

ह्यांना लिहिण्याचं वेड. गणपतीत एकच नाटक करण्याऐवजी ह्यांनी टूम काढली की रोज संध्याकाळी आरतीच्या आधी एक भाग करायचा, गोष्ट दहा दिवस चालू ठेवायची. बायकांची कामं बायकांनीच करायची, हाही ह्यांचाच हट्ट. कुणी आपली बायको द्यायला तयार होईना, म्हणून गोष्टीतल्या दोन जावांपैकी धाकटीच्या कामाला मी उभी राहिले. तिचं नाव शेवंता.

ह्यांची लिहिण्याची पद्धत अशी की आदल्या दिवशीचा भाग लोकांना कसा वाटला ते कॅन्टीनमध्ये ऐकायचं आणि जेवणाच्या सुट्टीत पुढचा लिहायचा. आमच्या हातात कागद पडायचा तो तोंडाला रंग लावताना. पाठ होणार कधी? मग सगळी मदार प्रॉम्प्टरवर. सोनवणे नावाचे फिटर डाव्या विंगेत कंदील घेऊन बसायचे आणि अख्खा भाग कुजबुजत सांगायचे. ह्यांचा आम्हाला एकच नियम होता, विंगेतून जे येईल ते बोलायचं, मधे डोकं चालवायचं नाही.

पहिल्या दिवशी शेवंता चांगली होती. मूल नाही म्हणून थोडी खिन्न, एवढंच. दुसऱ्या दिवशी थोरल्या जावेचं बाळ घेताना माझा पाय पदरात अडकला, मी धडपडले, आणि लोक खदखदून हसले. बस्स, ह्यांना शेवंता सापडली. तिसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्यांच्या पोरांकडे डोळे लावून बसायला लागली. मग ती नवस करते, अंगारे खाते, बाळाच्या दुधात बोट बुडवते... मैदान रोज गच्च भरायला लागलं. गावातले लोकही गोणपाटं घेऊन येऊन बसायचे.

इकडे नळावर मला कुणी माझ्या नावानं हाक मारेना. शेवंताबाईच झाले मी. शेजारच्या देशमुखबाईंनी तर एकदा मला येताना बघून कडेवरच्या पोराचं तोंड पदरात झाकलं. हसत हसतच झाकलं, पण झाकलं. लग्नाला सहा वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातही एक गोष्ट फक्त ह्यांनाच ठाऊक होती. मी एक टोपडं शिवलं होतं. पिवळ्या खणाचं, आत मऊ धोतराचं अस्तर. ते ट्रंकेत साड्यांखाली असायचं. एका भागात कागद हातात आला तर त्यात शेवंता चोरून टोपडं शिवते आणि धान्याच्या कणगीत लपवते! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "अगं, लोकांना कुठं माहितेय? चांगलं रंगेल बघ." रंगलंच. मी कणगीत वाकले तेव्हा मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग लावायला बसले. न बसून करते काय? अख्खी कॉलनी वाट बघत होती.

शेवटच्या भागात शेवंताला मारायचं ठरलं. गावात बसून ह्यांनी त्या झाकलेल्या विहिरीची गोष्ट ऐकली होती. गंगू नावाच्या एका सुनेनं तिच्यात जीव दिला होता. वांझ म्हणून सगळे बोलायचे, ते सहन झालं नाही म्हणे. ह्यांना तयार शेवट मिळाला. शेवंता विहिरीच्या काठावर उभी राहून सगळ्यांची माफी मागणार, मी वांझोटी, माझं जगणं व्यर्थ, असं म्हणणार आणि उडी टाकणार, पडदा. अडुळशाच्या कुंड्या लावून आम्ही स्टेजवर खोटा काठ केला होता. खरी विहीर उजव्या विंगेच्या मागे, कनातीच्या पलीकडे होती.

मी काठावर उभी राहिले. अजून पुरता अंधार पडला नव्हता, पुढच्या रांगेतली तोंडं मला दिसत होती. डावीकडून सोनवण्यांचं माफीचं वाक्य आलं, ते मी बोलले. पुढचं वाक्य मात्र उजवीकडून आलं.

बाईचा आवाज. घोगरा नाही, भेसूर नाही, काही नाही. धुणं धुताना शेजारणीनं बोलावं तसा. मला वाटलं, ह्यांनी ऐनवेळी कुणाला तरी बसवलंय. नियम अंगात मुरलेला होता. आलं ते मी बोलत गेले.

"मी जीव द्याया आले न्हाई. पोहरा आत पडला, त्यो काढाया वाकले. काठाचा दगूड निसटला. मला तिसरा म्हयना व्हता. आयेबिगर कुनाला सांगितलं न्हवतं. जीव कशापायी दीन मी?"

मी चिपळूणची. गावातली ही बोली मला नळावर ऐकून समजायची, बोलता कधीच आली नव्हती. त्या दिवशी ती तोंडातून अशी आली की मैदानात पान हललं तरी ऐकू यावं. मग बायकांच्या बाजूला एक म्हातारी उभी राहिली. गावातले लोक तिच्याकडे बघायला लागले, आणि गोंधळ झाला म्हणून कुणीतरी पडदा टाकला.

पडदा पडताना उजवीकडून आणखी एक वाक्य आलं. ते मी बोलले नाही.

मी आधी उजव्या विंगेत गेले. तिथं कुणी नव्हतं, नुसती दोरीची वेटोळी. सोनवणे कंदील घेऊन धावत आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "वैनी, म्या तर गप बसलो. तुमी भलतंच बोलाया लागल्या, मला पान घावंना."

आणि हे? हे क्षणभर गोंधळले, मग बाहेर टाळ्या सुरू झाल्या. लोकांना शेवट आवडला होता. मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा ह्यांनी सरळ सांगितलं की शेवट मुद्दाम गुपित ठेवला होता. शाल मिळाली, नारळ मिळाला. मी शेजारी तोंडावरचा रंग न पुसता उभी होते.

मग ती म्हातारी आली. गंगूची आई, सांगवीची. तिचा मुलगा आमच्याच कंपनीत लागला होता, त्याच्याबरोबर ती आली होती. लेकीनं जीव दिला म्हणून माहेरच्यांना पिंपरीत तोंड वर करून येता येत नव्हतं. लेकीला दिवस गेले होते हे म्हातारीनं सांगून बघितलं होतं, सासरच्यांनी तिलाच खोटी ठरवली. ती ह्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, सायेब, तुमाला कसं कळलं? हे म्हणाले, लेखकाला कळतं, आजी.

म्हातारीनं मान हलवली आणि ती माझ्याकडे वळली. माझा हात हातात घेतला.

"पोरी, तुला कुनी सांगितलं?"

हे बघत होते. मॅनेजरसाहेब, देशमुखबाई, सगळेच बघत होते. मी म्हणाले, "ह्यांनीच लिहिलं होतं."

"आनी काय सांगितलं का तिनं?"

'तिनं' असं म्हणाली ती. 'त्यांनी' नाही.

आता ते वाक्य सांगते. उजवीकडून शेवटी आलं होतं ते असं: आयेला सांग, टोपडं कणगीच्या तळाला हाय.

टोपडं. तो शब्द मी त्या लोकांसमोर पुन्हा उच्चारणार होते? ज्याच्यावर शिट्ट्या पडल्या, तो? मला वाटलं, हे माझ्याच डोक्यातलं असेल, नाटकातलं राहून गेलेलं. मला वाटलं, सगळे पुन्हा हसतील. मी म्हणाले, "नाही, आणखी काही नाही." म्हातारीनं माझा हात सोडला.

पुढे मी पुष्कळ विचार केला. विहिरीची गोष्ट मी नळावर कधी ऐकली असेन, मनात राहिली असेल, तिथवर पटतं. पण दिवस गेल्याचं नळावर कुणी बोलत नव्हतं. पोहऱ्याचं तर कुणालाच ठाऊक नव्हतं, तिच्या आईलासुद्धा. आणि ह्यांनी आपल्या मनानं लिहिलेली कणगी त्या आवाजाच्या तोंडीही यावी, हे कसं?

दिवाळीनंतर मी धीर करून ह्यांना न सांगता सांगवीला गेले. म्हातारी पंधरवड्यापूर्वीच वारली होती. मुलाला मी कणगीचं विचारलं, का ते सांगितलं नाही. तो म्हणाला, गंगूच्या सासरच्यांनी जमिनीचे पैसे आल्यावर नवं घर बांधलं, जुन्या कणग्या त्याच दिवाळीत पाणी तापवायला चुलीत घातल्या. आत काय होतं ते कुणी बघितलं नाही.

ह्यांनी पुढे आणखी नाटकं लिहिली, मी कामं केली नाहीत. आम्हाला मूल झालं नाही. हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, आणि तो शेवट आपला नव्हता असं ह्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. तो आवाज कुणाचा, मला का ऐकू आला, हे मी आजही स्वतःला विचारते. वडील असते तर त्यांनाही विचारलं असतं.

माझं पिवळं टोपडं अजून ट्रंकेत आहे. गणपती आले की मी ते बाहेर काढते, आणि खोलीत कुणी नसेल तर ते वाक्य एकदा मोठ्यानं बोलते, आयेला सांग, टोपडं कणगीच्या तळाला हाय. एवढं सोपं होतं ते. हात हातात होता तेव्हा बोलायला हवं होतं.